पासवर्डची पाटी

"आधी सांगा, हा संगणक कोणाकोणाशी बोलतो?" आमचे नेटवर्कवाले काका आल्याआल्या हेच विचारत. चहाबिहा नंतर. असा खवट पण कामाला चोख माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

शनिवार पेठेतल्या वधू-वर केंद्रात मी तेव्हाही कामाला होते, आजही आहे. आयटीमुळे परदेशातली स्थळं येऊ लागली आणि कपाटातल्या फायली संगणकात गेल्या. काका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पन्नाशीत नेटवर्कचं काम शिकलेले. पाहुण्यांसाठी वाय-फाय आलं, ते त्यांनी आमच्या संगणकांपासून वेगळं ठेवलं. "पाहुण्यांनी ओसरीवर बसावं. माजघरात कशाला?" म्हणाले.

स्वतःच्या मुलीचं नाव मात्र ते नोंदवेनात. तिचा घटस्फोट झाला होता आणि ऑफिसात तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मीच हात धुऊन मागे लागले. "अहो काका, कुलूप तुम्हीच लावलंय आणि तुमचाच विश्वास नाही?" हसले बिचारे. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून आणला.

आणि मी काय दिवे लावले? पाहुण्यांच्या लॅपटॉपवरून आमच्या प्रिंटरवर पत्रिका छापता येईना, म्हणून एका ओळखीच्याकडून दोन्ही नेटवर्क जोडून घेतली. वर चपलांच्या पाटीशेजारी नवी पाटी लावली: 'वाय-फायचा पासवर्ड खाली दिला आहे. पुन्हा पुन्हा विचारू नये.' मला तिचा अभिमानच होता.

महिनाभराने काका आले आणि त्या पाटीसमोर उभेच राहिले. मुलीला कोणा अनोळखी माणसाचे फोन येत होते. त्याला तिचा पत्ता, घटस्फोटाचं कारण, फॉर्ममधलं सगळं ठाऊक होतं. शेवटी त्याने तिच्या ऑफिसातही फोन केला. तिने नोकरी सोडली.

"काका, मी आत्ताच्या आत्ता तिची नोंद पुसते."

"पुसा. पण बाहेर गेलेलं परत बोलावता येत नाही हो."

आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नेटवर्क पुन्हा वेगळी केली आणि गेले. नंतर कधी आले नाहीत.

मागच्या वर्षी ते वारल्याचं कळलं. राहवेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. मुलीने दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "पत्ता कोणी दिला तुम्हाला?"

काय सांगणार? मी पुसलेली नोंद केंद्राच्या जुन्या बॅकअपमध्ये तशीच होती. पत्ता मी तिथूनच घेतला होता.