मावशींसाठी हेरकथा

मधुमेहानं मावशींची नजर गेली, त्या वर्षापासून मी दर शनिवारी दुपारी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागले. मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. इंदुरात बडा गणपतीजवळ दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं.

पहिल्या शनिवारी मी एका संताचं चरित्र घेऊन गेले. दहा-बारा पानं त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, "छान आहे गं, पण यात सगळेच खरं बोलतात. असं काही आण ना, ज्यात माणसं खोटं बोलतात."

माझ्या नवऱ्याकडे इंग्रजी हेरकथांचं एक अख्खं कपाट भरलेलं आहे. त्या कपाटाकडे मी वीस वर्षं जरा नाक वर करूनच बघत आले होते. तरी त्यातलं एक जाडजूड पुस्तक उचललं आणि पुढच्या शनिवारी वाचता वाचताच मराठी करत सांगू लागले. 'डबल एजंट' या शब्दाशी अडले तेव्हा मावशीच म्हणाल्या, "दोन्हीकडून पगार घेणारा, असं म्हण की. समझ में आ गया."

एका मोठ्या देशाच्या गुप्तहेर खात्यात कुणीतरी फितूर आहे आणि चार वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी तो कोण हे शोधायचं आहे, अशी ती गोष्ट होती. पुस्तकाचा तिसरा हिस्साही झाला नव्हता, तेवढ्यात मावशींनी मला थांबवलं. "तो तिसरा. पाइप ओढणारा. तोच आहे."

मी घरून शेवट वाचून गेले होते. उत्तर बरोबर होतं. कसं ओळखलंत, असं विचारलं.

"त्याला काहीही विचारलं की तो आधी तोच प्रश्न परत म्हणतो. वेळ काढतो. आणि एकदाही अडखळत नाही. खरं बोलणारा माणूस मध्येच चुकतो, अरे नाही नाही, मंगळवार नव्हता, बुधवार होता, असं करतो. शिवाय," इथे त्या हसल्या, "त्याचं बोलणं आलं की तू हळू वाचतेस. तू पुढचं वाचून आली आहेस."

तेव्हापासून मी शेवट वाचून जाणं बंद केलं. तरीही त्या ओळखायच्याच. दोन वर्षांत आम्ही अठरा-वीस कादंबऱ्या संपवल्या असतील, त्यांतल्या दोनच ठिकाणी त्या चुकल्या. माझा अभिमान हळूहळू गळत गेला. मी ज्याला टाइमपास समजत होते, त्यात माणसाच्या आवाजाचा, गप्प बसण्याचा किती बारीक अभ्यास आहे हे मला डोळ्यांनी न दिसणाऱ्या एका बाईनं दाखवलं. गाड्यांचे पाठलाग आणि गोळीबार आला की त्या म्हणायच्या, "हे सोड, चार पानं पुढे जा." त्यांना आवडायच्या त्या बंद खोलीतल्या गोष्टी. एक म्हातारा अधिकारी, समोर फाइल, आणि खुर्चीत बसलेला संशयित. किंवा मंत्र्याचा सचिव टिपणीतला एकच शब्द बदलतो आणि सरकार हलतं, असलं काही. कुणी त्यांना चांगलं पुस्तक विचारलं की त्या हेच सांगायच्या, "ज्यात बंदूक कमी वाजते ते घे."

मागच्या हिवाळ्यात आम्ही एक राजकीय कादंबरी वाचत होतो. हुकूमशाही असलेल्या कुठल्याशा देशात सरकारी कचेरीतल्या टायपिस्ट मुलीच्या हाती उद्या अटक होणाऱ्यांची यादी येते. यादीत तिच्या ओळखीचं एक नाव असतं. मी तेवढं वाचलं आणि मावशींनी हात वर केला.

"थांब जरा. पुस्तक मिट."

मी मिटलं.

"मी बाविसाची होते," त्या म्हणाल्या. "ट्रंक बोर्डावर होते. तेव्हा बाहेरगावचा फोन आम्हीच जोडून द्यायचो. जोडला की आपण लाइनवरून बाजूला व्हायचं, असा नियम. पण तीन मिनिटं झाली की परत लाइनवर जाऊन विचारावं लागायचं, 'तीन मिनिट पूरे हुए, और देना है?' आणीबाणीचे दिवस होते. एका साहेबांचा कॉल होता, भोपाळला. मी विचारायला लाइनवर गेले आणि नेमकं एक वाक्य कानावर पडलं. 'उनको कल सुबह पाँच बजे घर से उठा लेंगे.' आणि त्याआधी नाव. माझ्या कॉलेजच्या सरांचं."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईपर्यंत त्या थांबल्या.

"नोकरीवर लागताना आम्ही कागदावर सही केलेली होती. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. दोन वाजता ड्युटी संपली. माझा रस्ता जुन्या इंदुरातल्या सरांच्या गल्लीतूनच होता. सर ओट्यावर बसून वाचत होते. म्हणाले, काय गं, सुटलीस? मी म्हणाले, हो सर. आणि निघून गेले."

"सांगितलं नाहीत?"

"नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना नेलं. दीड वर्षानं सुटले. मला रोज एकच गोष्ट खायची. सरांना दमा होता. पळून जाणारे ते नव्हतेच, ते मला माहीत होतं. पण मी नुसतं बोलले असते तर औषध तरी बरोबर घेतलं असतं. एक स्वेटर घेतला असता. आमच्या ह्यांनासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही."

खोटं पकडण्यात इतक्या तरबेज असलेल्या या बाईनं स्वतःचं एक वाक्य इतकी वर्षं कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं. पण गोष्ट तिथे संपली नव्हती.

"सर शेवटच्या आजारात होते तेव्हा भेटायला गेले," मावशी म्हणाल्या. "तेव्हा मी रिटायर नव्हते झाले, पण ट्रंक बोर्ड बंद होत आले होते. मी त्यांच्या कॉटपाशी बसून सांगून टाकलं. सर, मला आदल्या दिवशी माहीत होतं. ते म्हणाले, मलाही आदल्या दिवशीच कळलं. मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाले, तूच. रोज येताजाता ओट्याशी थांबायचीस, हातातलं पुस्तक कोणतं ते विचारायचीस. त्या दिवशी पावलं थांबली नाहीत आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. तू कुठे काम करतेस ते मला ठाऊक होतं. आत गेलो आणि पिशवी भरली. गोळ्या, स्वेटर, दोन पुस्तकं."

"मग गेले का नाहीत कुठे?" मी विचारलं.

"हेच मी विचारलं. तर म्हणाले, मी नाहीसा झालो असतो तर बातमी फुटली कुठून याचा तपास झाला असता. त्या दिवशी बोर्डावर कोण होतं, हे पहिल्यांदा विचारलं असतं."

त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. ओट्यावर बसलेला एक मास्तर एका मुलीच्या न थांबलेल्या चपलांवरून सगळं ओळखतो, आत जाऊन स्वेटर घडी करतो, आणि तिच्यासाठी पहाटेपर्यंत घरातच बसून राहतो. आणि तिला ते वीस वर्षांनी कळतं, तेही तिनं स्वतः तोंड उघडल्यावर.

"रडलात का तुम्ही?"

"रडले ना. त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. त्यांना स्वतःला चहा मना होता, तर माझ्या कपाचा वास घेत बसले."

मी विचारलं, हे लिहू का. त्या म्हणाल्या, "लिही. पण नाव कुणाचंच नको. सरांचं नको, त्या साहेबांचं तर नकोच. सही केलेली आहे."

त्या साहेबांचं नाव त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही ती कादंबरी पुरी केली. त्यातली टायपिस्ट मुलगी त्या माणसाला चिठ्ठी पाठवते आणि तो बर्फातून सरहद्द ओलांडून निसटतो. वाचताना माझाच आवाज जरा चढला असावा. मावशी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होत्या.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीचं पुढे काय झालं, ते लेखकानं लिहिलंच नाही."

मी शेवटचं पान पुन्हा चाळून पाहिलं. खरंच लिहिलं नव्हतं.