ओसरीवरची अमेरिकेची मंडळी

माझी मैत्रीण ख्रिश्चन, सरकारी दवाखान्यात नर्स. मी शिकवायची त्या शाळेत पोरांना लस टोचायला यायची, तिथं ओळख झाली. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. गंगाखेडात कोण कुणाच्या घरी जातंय, यावर गल्लीचा डोळा असायचा. शाळेत मी कुणाचं ऐकून घ्यायची नाही, पण मामंजींपुढं, म्हणजे सासऱ्यांपुढं, माझी दातखीळ बसायची. तिला घरी बोलवू का, एवढं विचारायची दोन वर्षं हिंमत झाली नाही. मी तिच्याकडं पोटभर जेवून यायची अन् तिला मात्र स्टँडवरूनच वाटेला लावायची. लाज वाटायची स्वतःची.

तिच्या मावसभावानं अमेरिकेहून पाठवलेली एक कॅसेट तिनं मला दिली. चार निरनिराळ्या बँडांचे चार मुख्य गायक एकत्र येऊन देवाची गाणी म्हणत होते. गिटार, माउथ ऑर्गन, खेड्यातल्यासारखा साधा ठेका. मला लय आवडली. घरात कुणी नसलं की लावायची.

एका एकादशीला दुपारी मामंजींची भजनी मंडळी ओसरीवर जमली. मागच्या भजनाची टेप ऐकवतो म्हणून मामंजींनी बटन दाबलं, अन् आत माझीच कॅसेट! मेलं माझं नशीब! साबुदाण्याचं उलथनं तसंच हातात घेऊन मी धावले.

"ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले अन् डोळे मिटून ऐकत बसले. एक गडी म्हणायचा, मग दुसरा, मग तिसरा, शेवटी सगळे मिळून. पखवाजवाल्या बाबांची बोटं मांडीवर चालायला लागली.

"चक्री भजन हाय की हे!" मामंजी म्हणाले. आमच्याकडं तसंच असतं. गोल बसायचं, एकाचं झालं की शेजारच्यानं म्हणायचं. "कोण्या गावची मंडळी?"

"अमेरिकेची. येशूचं म्हणायलेत." मी टेप बंद करायला हात पुढं केला.

"देवाचंच म्हणायलेत न्हवं? मग बंद कशाला करायलीस? कुणी दिली?"

आता लपवून काय उपयोग? मैत्रीण, तिचं घर, तिथलं माझं जेवण, सगळं सांगून टाकलं.

"दोन वर्षं तिच्या घरचं खाल्लंस अन् तिला आपल्या दारात आणलं न्हाईस?" मामंजी खवळले. "काय समजलीस गं आमाला? उद्या बारस हाय. उपास सोडायला माझ्या पंगतीला बसव तिला."

जीव असा भांड्यात पडला, की सगळ्यांदेखत रडले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून तिला यायला एक वाजला. तोवर मामंजींनी तोंडात घास घातला नव्हता.