कुलूपवाल्यांची मागणी

कुलूपवाल्यांना कॉलेजात घातलं ते त्यांच्या मुलीने. हो, घातलंच म्हणायचं, पोराला बालवाडीत घालतात तसं. बायको गेल्यापासून हा माणूस कुलपा-किल्ल्यांचं दुकान बंद करून घरी यायचा, बूट काढायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. मुलीने बरेच दिवस पाहिलं आणि एका संध्याकाळी बॉम्बच टाकला.

"बाबा, सोमवारपासून तुम्ही संध्याकाळच्या कॉलेजात जाताय. विषय अर्थशास्त्र."

"या वयात? आणि अर्थशास्त्रच का गं?"

"बाकीचे वर्ग भरले होते."

एवढ्या थोर कारणासाठी कुलूपवाले अर्थशास्त्राकडे वळले. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, बाक बारीक अंगाच्या पोरांसाठी बनवलेले, आणि त्यात कोंबून बसलेली ही कामावरून दमून आलेली मंडळी. एक बसचालक होता, दोन नर्सा होत्या, एक विमा विकणारा होता. आणि कुलूपवाल्यांच्या मागच्या बाकावर बाजारातल्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या बाई होत्या. बाईंचं लग्न झालं होतं, ते मोडलं त्यालाही आता जमाना झाला. त्याबद्दल कोणी विचारलंच तर "सुटले!" एवढंच म्हणून त्या विषय मिटवायच्या.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्र. सर घटती सीमांत उपयोगिता समजावत होते. चहाचा पहिला कप जे समाधान देतो ते दुसरा देत नाही, तिसरा तर त्याहून कमी देतो. कुलूपवाल्यांनी हात वर केला.

"सर, माझं तसं होत नाही. चौथा कपही पहिल्याइतकाच गोड लागतो."

"मग तुम्ही या नियमाला अपवाद," सर म्हणाले.

"अपवाद कसले, पित्ताचे पेशंट होणार ते," मागून बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला. कुलूपवाल्यांनी रागाने मागे वळून पाहिलं. बाई इतक्या मनापासून हसत होत्या की त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. कितीतरी दिवसांनी तेही हसले.

पुढे पुढे वर्ग सुटला की दोघं सलूनमध्ये अभ्यासाला बसू लागले. बाई साबणाची वडी घेऊन आरशावरच आकृत्या काढायच्या. वक्रावरून सरकणं वेगळं आणि वक्रच सरकणं वेगळं, हे काही केल्या कुलूपवाल्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मी दाढीचा भाव उतरवला आणि गिऱ्हाईक वाढलं, तर वक्र आहे तिथेच राहिला. आपण फक्त त्याच्यावरून खाली घसरलो. पण उद्या सगळ्यांना दाढी वाढवायचं खूळ लागलं, तर भाव तोच ठेवूनही गिऱ्हाईक जाणार. मग उचला आख्खा वक्र आणि ठेवा डावीकडे. कळलं?"

कळलं. तसं ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच कळलं होतं, पण कुलूपवाल्यांनी ते आणखी दोनदा समजावून घेतलं. आता यातून काय ते तुम्हीच समजा!

दुसऱ्या सत्रात स्थूल अर्थशास्त्र लागलं. फळ्यावरचं नाव वाचून बाई म्हणाल्या, "अगंबाई, हा विषय तर माझ्याच मापाचा!" त्या अंगाने चांगल्या भरलेल्या, आणि स्वतःची चेष्टा करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. सगळं सुरळीत चाललं होतं. मग राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आला आणि माशी शिंकली.

सर म्हणाले, "पैसे घेऊन केस कापले तर ते राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. घरच्या माणसाचे फुकट कापले तर धरत नाहीत. म्हणजे समजा, आपल्या या ताईंनी उद्या एखाद्या गिऱ्हाइकाशीच लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न तेवढं घटलं!"

वर्ग हसला. दोन-चार जणांनी कुलूपवाल्यांकडे पाहिलंसुद्धा, कारण डोक्यावर मोजके केस उरलेला हा माणूस उठसूट सलूनमध्ये जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुलूपवाले कानापर्यंत लाल झाले.

"नको बाई," सलूनवाल्या बाई ठसक्यात म्हणाल्या, "उगाच देशाचं नुकसान नको!"

पुन्हा हशा. पण कुलूपवाल्यांच्या काळजात चर्र झालं. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं घरी नेलं आणि नकार म्हणून उराशी धरून बसले. काय म्हणावं या माणसाला! दुसऱ्यांची कुलपं चुटकीसरशी उघडणार, आणि साधी थट्टा काही उलगडायची नाही.

त्यातच परीक्षेच्या तोंडावर बाईंनी सांगितलं की दूरच्या गावातली मोठी बहीण त्यांना कायमचं बोलावते आहे. दुकान विकून ये, दोघी मिळून राहू, असा तिचा धोशा चालला होता. तोंडी परीक्षा झाली की काय ते ठरवायचं. कुलूपवाले "छान छान" म्हणाले आणि घरी येऊन जेवले नाहीत.

मुलीने बरोबर ओळखलं. "बाबा, अख्खा वर्ग त्यांना ताई म्हणतो ना? तुम्ही का नाही म्हणत?"

"म्हणतो की."

"कधी म्हटलंत?"

कुलूपवाले उगाच खिशातल्या किल्ल्या चाळवू लागले. मग हळूच देशाच्या नुकसानीची हकिगत सांगितली. मुलीने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, तो विनोद होता! त्या जायच्या आधी विचारा त्यांना. आईची जागा कोणी घेतं का, असलं काही मनात आणू नका. तुम्ही पुन्हा हसायला लागलात, मला तेवढं पुरे आहे."

विचारायचं ठरलं. पण रोज धीर गोळा करायचा आणि सलूनच्या दारात सांडायचा, असं करत करत तोंडी परीक्षा उजाडली. बाहेर बाकावर बाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. पलीकडे शिपाई उभा होता. शिपायाने कुलूपवाल्यांना आत जायला सांगितलं. दाराची खिटी झिजली होती आणि दार पुरतं लागत नव्हतं. धंद्याच्या सवयीने कुलूपवाल्यांच्या ते लक्षात आलं, आणि परीक्षकांना पाहताच ते विसरूनही गेले.

परीक्षक वयस्क होते, शांत होते. त्यांनी सोप्यापासून सुरुवात केली. "मागणी म्हणजे काय?"

कुलूपवाल्यांच्या डोक्यात त्या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक उरला होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घालायची आहे सर, पण धीर होत नाही."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "कोणाला?"

"बाहेर बसल्यात त्यांना." मग चूक लक्षात आली आणि कुलूपवाल्यांची त-त प-प सुरू झाली. "माफ करा सर, ते मी... म्हणजे मागणी म्हणजे..."

"राहू द्या, तसंच चालू द्या," परीक्षक म्हणाले. "नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. आणखी काय लागतं?"

"क्षमता."

"आहे?"

"स्वतःचं दुकान आहे, घर आहे. गुडघे थोडे कुरकुर करतात."

"आणि तिसरं?"

कुलूपवाल्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "तयारी."

"तिथेच घोडं अडलंय तुमचं," परीक्षक म्हणाले. "व्याख्या पूर्ण आली, गुण देतो. या आता."

बाहेर शिपाई तोंडावर रुमाल दाबून उभा होता. तेव्हा कुठे कुलूपवाल्यांना ती झिजलेली खिटी आठवली, आणि पायाखालची जमीन सरकली. बाई त्यांच्याकडे न बघता आत निघून गेल्या. कुलूपवाले बाकावर बसून राहिले. पळून जावंसं फार वाटत होतं, पण गेले नाहीत.

बाई बाहेर आल्या त्या थेट त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "परीक्षकांना सांगून झालं, शिपायाला ऐकवून झालं. मला कधी विचारणार?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात ना? देशाचं नुकसान नको म्हणून."

"अहो, ते मी सरांना म्हटलं! एवढ्या वर्गासमोर मी काय लाजून पदर चावायचा होता?"

कुलूपवाले उठून उभे राहिले. शिपाई ऐकतोय हे त्यांना दिसत होतं. ऐकू दे, म्हटलं त्यांनी मनात.

"तुम्ही बहिणीकडे गेलात तर मला फार वाईट वाटेल," ते म्हणाले. "बायको गेली तेव्हा वाटलं, आता बोलायला कोणी राहिलं नाही. मग तुम्ही भेटलात. माझ्याशी लग्न कराल का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "करेन की. पण एक ऐकून ठेवा. बहिणीला मी परवाच कळवलंय, येत नाही म्हणून. दुकानही विकत नाही."

"परवाच? पण तेव्हा तर मी काहीच बोललो नव्हतो."

"तुमची वाट बघून कंटाळले होते," बाई म्हणाल्या. "म्हटलं, हा माणूस विचारो नाहीतर न विचारो, पुढच्या वर्षीही वर्गात याच्याच मागे बसायचं."