कुणावर गेली?

आमच्या निपाणीकडे बाळ बघायला आलेल्या बायका आधी बाळाचे वाटे करतात. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, रडणं मात्र थेट आईचं. आम्ही पाच महिन्यांची मुलगी दत्तक घेऊन बंगळूरच्या घरी आणली, तेव्हाही बायका सवयीनं पाळण्यावर वाकल्या आणि एकदम गप्प झाल्या. फक्त सासूबाईंनी चष्मा सावरून निकाल दिला, हनुवटी माझ्या धाकट्या नणंदेची. त्या विसरल्या होत्या की मुद्दाम बोलल्या, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मलाही तोच नाद लागला. माझा नवरा, म्हणजे मुलीचे अप्पा, पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर काम करतो. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून कुठं धार राहिलीय का बघायचं, ही त्याची सवय. चार वर्षांची असताना मुलगी जेवणाच्या ताटावर तसंच नख फिरवायला लागली. शेजारीण कानडीत म्हणाली, अक्का, अगदी बापावर गेलीय. हे बघून उचललेलं आहे, रक्तातून आलेलं नाही, एवढी अक्कल मला होती. तरी मी ते चार जणींना सांगून आले.

माझी वाटणी काही सरळ नव्हती. चांगलं दिसलं की ते आमच्या घरचं. तिचा राग, दोन-दोन दिवस न बोलणं, ताटावरून उठून जाणं, हे त्या न पाहिलेल्या बाईचं, जिनं तिला जन्म दिला. तोंडानं कधी बोलले नाही, पण मनात पक्कं होतं. खाण तशी माती, ही म्हण मी सोयीपुरतीच वापरत होते.

दत्तक असल्याचं तिला सहाव्या वर्षीच सांगितलं होतं. आता ती सतरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला सारखी चक्कर येत होती म्हणून तिला जयनगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरात कुणाला साखर आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी सुरूच झाले. हिच्या वडिलांना चाळिशीपासून आहे, आजीच्या पायाचं बोट त्यापायीच काढावं लागलं. बाई लिहून घेत होत्या. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे त्यांना कानडीत सांगितलं की मी दत्तक आहे, माझ्या रक्ताच्या माणसांचं आम्हाला काही ठाऊक नाही. बाईंनी लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली. नवरा, सासूबाई, दोघंही त्या रेघेखाली गेले. मला फार लागलं. चूक माझी होती, तरी राग तिचाच आला.

तपासणीत पुढं फक्त अंगात रक्त कमी निघालं, तो विषय तिथंच संपला. पण त्या सकाळी रक्त देऊन आम्ही दर्शिनी हॉटेलात उभ्यानं कॉफी घेतली, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. कपही अर्धा तसाच ठेवला.

"हेच ते," ती म्हणाली. "राग आला की तू अशीच गप्प होतेस, खाणंपिणं टाकतेस. मी तुझं बघूनच शिकले. आणि तुला वाटतं ते माझ्या रक्तात आहे."

मी असं कधी म्हटलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, मी रुसले की तू अप्पांकडे कशी बघतेस ते मला दिसतं.  माझी आईही भांडण झालं की चुलीकडे पाठ करून बसायची. मग माझ्यात तरी हे रक्तातून आलं की बघून, कुणी सांगावं?

मग तिनं विचारलं, भांडायला नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. "वाईट तेवढं मला जन्म देणारीचं. मग चांगलं काय आलं असेल तिच्याकडून?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला शिवलाही नव्हता. मी म्हटलं, गळा. मुलगी गाते तेव्हा शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करतात. हा गळा माझ्या मामांचा, असं मी तिला आणि जगाला सांगत आले होते. मामा भजनात टाळ वाजवायचे. गाऊ त्यांना कुणीच देत नसे. हे सगळं मी तिला तिथंच सांगून टाकलं.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"आधी सांगायचंस," ती म्हणाली. "तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढं एक तरी असतं."