बोटांवरचे घाव

हल्ली दिवाळी अंक हातात आला की मी आधी भिंग शोधतो. छापलेल्या फोटोंवर भरवसाच उरलेला नाही. टोपल्या विणणाऱ्या सगुणाबाईंचा मी काढलेला फोटो यंदा पानभर छापला होता. सावल्या चिखलासारख्या आणि हात मेणाचे. आधी संशय स्वतःच्या डोळ्यांवर घेतला, चष्मा पुसला. मग संपादकांना फोन केला.

"मोबाईलवर तर झकास दिसत होता हो!"

त्यांनी तो व्हॉट्सॲपवर मागवला आणि मीही मुकाट्यानं पाठवला, हे तेव्हा आठवलं. तिथून जाताना फोटो दाबून लहान होतो आणि बारकावे गळतात. मोबाईलला आतून उजेड असतो, म्हणून त्यावर सगळंच खरं वाटतं. कागदावर जे काही सांगायचं ते शाईला सांगावं लागतं.

अंक द्यायला गेलो, तर सगुणाबाईंनी पेटीतून एक जुना अंक काढला. त्यात त्यांच्या सासूबाईंचा फोटो होता, बांबूच्या कामट्यांनी चिरलेलं बोट न् बोट दिसणारा. दोन्ही पानं शेजारी ठेवून त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"दादा, माझ्या बोटांवरचे घाव कुठं गेले?"

"छपाईत गेले."

"चाळीस वर्षं तेल चोळतेय. मला नाही घालवता आले."