दऱ्या आणि दर्या

श्रावणात पाटणला ढग खाली उतरतात. शाळेच्या व्हरांड्यातून समोरची दरी दिसेनाशी होते आणि तिच्या जागी काहीतरी पांढरं संथपणे हलत राहतं. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मी त्यांना तिकडे बोट करून सांगते, साधारण असाच असतो.

अशाच एका मधल्या सुट्टीत मी तो मसुदा वाचला. मी मराठी शिकवते, म्हणून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो माझ्यासाठी टाकला होता. इंटरनेटवरचे पत्ते देवनागरीत लिहायचे झाले तर त्यांत कोणती अक्षरं चालतील, याची यादी एका समितीने केली होती. नागरिकांनी आपली मतं कळवावीत, असं शेवटी लिहिलं होतं. ग्रुपवर दोघांनी हात जोडले आणि विषय मिटला.

मी मात्र यादी वाचत राहिले. डबा तसाच राहिला. ळ सापडला, बरं वाटलं. मग तो पापणीसारखा दिसणारा अर्धा र शोधू लागले, सुऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर यांतला. तो नव्हता. रफार आणि हा र यांत लोकांचा गोंधळ होईल, म्हणून एकच रूप ठेवावं, अशी तळाला टीप होती. म्हणजे दऱ्या नाहीत, फक्त दर्या. समोर पाहिलं तर खरंच दरी नव्हती.

पंचमीला मी सांगलीला माहेरी गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं बोर्ड रंगवायचं दुकान आहे. लहानपणी शाळेतून येताना मी तिथे थबकायचे. ब्रश ओला होऊन पत्र्यावर टेकला की अक्षर आधीपासून तिथेच होतं आणि आता नुसतं वर आलं, असं वाटायचं. फ्लेक्स आले तसं त्यांचं काम कमी झालं. आता ते शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहितात. टर्पेंटाइनचा वास मात्र तसाच आहे.

मी त्यांना फोनवरची यादी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो र काढला? का?"

"गोंधळ होतो म्हणतात."

"गोंधळ काढल्यावर हुतो, पोरी. मी केलाय." मग त्यांनी सांगितलं. उमेदवारीच्या काळात शिराळ्याकडच्या एका वाडीचा बोर्ड त्यांनी रंगवला होता, दऱ्यांची वाडी. घाईत रफार दिला. आठ दिवसांनी चार माणसं तोच बोर्ड खांद्यावर घेऊन दुकानात आली. "म्हणाली, आवं पेंटर, आमी काय समुद्रात ऱ्हातो व्हय? पुन्ना लिवून दिला. त्यांनी चहा पाजला, पण बोर्ड वाळंपर्यंत कुणी हललं न्हाई."

दुपार होती. झोक्यावरच्या बायकांची गाणी लांबून ऐकू येत होती. मी स्टुलावर बसून पत्र लिहिलं, चाचांनी शब्द पुरवले. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, यात जेवण कोण रांधणार हा फरक आहे, हे वाक्य त्यांचं. पत्र मराठीतच पाठवलं.

पंधरवड्याने ऑनलाइन बैठकीचं बोलावणं आलं. रविवार होता, मी पुन्हा सांगलीला गेले आणि दुकानातूनच बैठकीला बसले. पडद्यावर लहान लहान चौकटींत माणसं होती, हिंदी आणि इंग्रजी चाललं होतं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. माझी पाळी आली तेव्हा हिंदीतली जुळवलेली वाक्यं मला आठवेनात. चाचांनी एक पत्रा माझ्या हातात दिला. काळ्यावर पांढऱ्या रंगात दोन शब्द, एकाखाली एक. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला.

"वर लिहिलंय दर्या, म्हणजे समुद्र," मी मराठीतच म्हणाले. "खाली दऱ्या, म्हणजे डोंगरामधल्या. मी खालच्या शब्दात राहते. मला पत्ता हवाय."

एका चौकटीतल्या बाई म्हणाल्या, "बोर्ड जरा जवळ धरता?" त्या मराठीत बोलल्या. मी पत्रा कॅमेऱ्याला जवळजवळ टेकवलाच.

काही महिन्यांनी अंतिम यादी आली. अर्धा र तिच्यात होता, य आणि ह यांच्याआधी चालेल अशा अटीसह. आमच्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, आणखीही कुणी लिहिलं असेल. पण सोबत आलेल्या मतांचा तक्ता होता, त्यात एक ओळ होती, महाराष्ट्रातील एका प्रतिसाददात्याने फलक दाखवून फरक स्पष्ट केला.

चाचा एका शाळेच्या भिंतीवर लिहीत होते, तिथे जाऊन मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"एका?" ते म्हणाले. "आपण दोघं हुतो की."

ते रागावले नव्हते. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला आणि भिंतीवरल्या सुविचाराच्या राहिलेल्या अर्ध्या ओळीकडे वळले. मी तिथेच उभं राहून समितीला मेल लिहिली: फलक रंगवणारे वेगळे होते, तक्त्यात दोन प्रतिसाददाते अशी दुरुस्ती करावी.

उत्तर अजून आलेलं नाही. चाचा अधूनमधून विचारतात, मी नाही म्हणते, आणि ते म्हणतात, "यील."