कोटातल्या मुलीचा फोटो

मी बीडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या फोटो स्टुडिओंवर लेख लिहीत होते, तेव्हा धारूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचाचांनी मला पेटीतून एक फोटो काढून दाखवला. दोन तरुण मैत्रिणी. एकीनं स्टुडिओतला कोट चढवलेला, फेटा बांधलेला. दुसरी नवरीसारखी तिच्या खांद्याला टेकून हसतेय.

"घाला की मॅडम. फोटो मी काढला, हक्क माझाच," चाचा म्हणाले आणि त्यांनी खुशीनं लेखी परवानगी दिली.

लेख एका संशोधन नियतकालिकात आला. अंक मोजक्या ग्रंथालयांत गेला. पुढे नियतकालिकानं जुने अंक इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. "परवानगी छापील अंकापुरतीच होती. ऑनलाइनसाठी नव्यानं घ्याल का?" संपादकांनी विचारलं. चाचांनी तीही दिली. फोटोतल्या बायकांना विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

थोड्याच दिवसांत, कॉलेजातून नंबर मिळवून, उमापूरहून एका बाईंनी फोन केला. "मी त्या फोटोतली कोटवाली. मला न विचारता कावून टाकला फोटो?"

मी दुसऱ्या दिवशी गेले. बाई रागावलेल्या नव्हत्या, त्यानंच मला जास्त लागलं.

"माझं काय न्हाई. सुना हसल्या, मीबी हसले. पण माझी मैत्रीण लिंबागणेशला दिलेली. तिथं कुणीतरी नेटवरनं फोनवर घेतला आन् गावभर फिरला. तिचा मालक लई बोलला तिला, ह्या वयात. आता ती माझा फोन उचलत न्हाई. तिला वाटतंय, मीच दिला."

संपादकांनी फोटो लगेच इंटरनेटवरून काढून टाकला. त्या जागी आता राखाडी चौकट आहे. पण गावातल्या फोनांवर पोचलेला फोटो मला परत आणता येत नव्हता.

मी लिंबागणेशला जाऊन त्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं मला दारातच थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, "तिनं दिला न्हाई, कळलं मला. पण सध्या फोन करू नको म्हनावं."

निरोप मी उमापूरच्या बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "मला त्याची एक प्रत द्या. आमी तवा घेतलाच न्हवता. घरी कुठं ठेवणार होतो?"

प्रत घेऊन गेले त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. कप तसाच ठेवून मी फोटो त्यांच्या हातात दिला.